मुलाची उंची वर्षात फक्त दीड सेंटिमीटर वाढली, कोणाला दाखवू?

सायली_तासगाव

नमस्कार. माझा मुलगा फेब्रुवारीत 13 पूर्ण झाला, आता आठवीत आहे. पहिलीपासून प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहतो आणि अजूनही तिथंच आहे. इतके दिवस वाटायचं वाढेल वाढेल. पण परवा कपाट आवरताना त्याची जुनी प्रगतिपुस्तकं निघाली. त्यात दर जूनची उंची लिहिलेली असते. सहावीला 130, सातवीला 138 आणि यंदा शाळेत घेतली ती 139.5. म्हणजे अख्ख्या वर्षात दीड सेंटिमीटर! तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. वजन 31 किलो.

आमचे हे 5 फूट 6 इंच, मी जेमतेम 5 फूट. सासूबाई म्हणतात तुझ्याकडचं आलंय. जाऊबाईंच्या भावानं उंचीची पावडर आणून दिली, दीड हजाराचा डबा आहे, अजून फोडलेला नाही. क्रीडा शिक्षकांनी रोज बारला लोंबकळायला सांगितलंय, ते तो मनापासून करतो. सकाळी चहा-बटर, डब्यात चपाती-भाजी, क्लासवरून येताना वडापाव नाहीतर पाच रुपयांचं पाकीट, रात्री भाकरी-आमटी. दूध पीत नाही. वर्गातली पोरं ‘बारक्या’ म्हणतात. तो घरी काही बोलत नाही, पण कबड्डीला जायचं त्यानं बंद केलंय.

धाकटी साडेआठ वर्षांची आहे, तिची मात्र काळजी नाही. ती भराभर वाढतेय, आत्ताच 134 आहे. दिवाळीला शिवलेला परकर पाडव्याला घोट्याच्या वर गेला. सगळे म्हणतात भावाला मागं टाकणार.

याला कोणाला दाखवू? हाडांच्या डॉक्टरांना की मुलांच्या? की पावडर चालू करून सहा महिने बघू?

शिंदे_गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, म्हणून आधी त्या प्रगतिपुस्तकाबद्दल बोलतो. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकवाटप, पटनोंदणी या गडबडीत एका तासिकेत सगळ्या वर्गाची उंची-वजनं उरकायची असतात. भिंतीला टेप चिकटवलेली असते आणि ती दरवर्षी फरशीपासूनच सुरू होते असं नाही. पोरं बूट काढत नाहीत, टाचा उचलतात, एखादा वर्गमित्रच डोक्यावर पट्टी ठेवून आकडा ओरडतो आणि दुसरा तो लिहून घेतो.

तुमचे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. एका वर्षात आठ, दुसऱ्या वर्षात दीड. मला मधला 138 संशयाचा वाटतो. तो सोडला तर दोन वर्षांत साडेनऊ सेंटिमीटर होतात.

घरी नीट मोजा. भिंतीला खाली लाकडी पट्टी किंवा टाइलची कड नसेल अशी जागा शोधा, दाराची चौकट चालते. अनवाणी उभा करा. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला टेकलेली, गुडघे सरळ, नजर समोर, हनुवटी वर न करता. डोक्यावर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरा, केस दबले पाहिजेत. पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारा, त्याला बाजूला करा आणि मग पोलादी टेपनं जमिनीपासून रेघेपर्यंत मोजा. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. सकाळी मोजलं तर दरवेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सुमारे सेंटिमीटरभर कमी भरते.

आणि त्या नावाचं वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. चिडवणं वर्गात थांबवता येतं, ते आमचं कामच आहे.

अनिल_बारामती

माझ्या भाच्याला अशीच पावडर दिली होती, 14 वर्षांचा होता. सहा महिन्यांत चार सेंटिमीटर वाढला. बहीण म्हणते पावडरीमुळेच. घरात आणलीच आहे तर द्यायला काय हरकत आहे?

बालरोग_बार्शी

सायलीताई, मी बार्शीत बालरोगतज्ज्ञ आहे. मूल समोर नसताना निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण काय बघायचं ते सांगते. हाडांच्या डॉक्टरांकडे नको, मुलांच्या डॉक्टरांकडे जा.

गुरुजींनी बरोबर जागी बोट ठेवलं. मूल किती उंच आहे यापेक्षा ते कोणत्या वेगानं वाढतंय हे मी आधी बघते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 10 ते 12. पुढे वेग उतरत जातो आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर स्थिरावतो. वयात येण्याच्या अगदी आधी तो आणखी थोडा मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच घरातली मोठी माणसं घाबरतात. मग उसळी येते. मुलींमध्ये ती साधारण 11-12 व्या वर्षी शिखरावर असते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलांमध्ये 13-14 व्या वर्षी, नऊ-दहा सेंटिमीटर. सातवी-आठवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात त्या या दोन वर्षांच्या फरकामुळे. अनिलराव, तुमचा भाचा 14 वर्षांचा होता. त्या वयात सहा महिन्यांत चार सेंटिमीटर ही पावडर न घेणाऱ्या मुलाचीही वाढ असते.

आता तुमच्या मुलाचा हिशेब. वडील 168, आई 152. मुलगा असेल तर दोघांच्या बेरजेत 13 मिळवायचे आणि निम्मं करायचं: साडे-166. मुलगी असेल तर 13 वजा करायचे. या आकड्याच्या आठेक सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे बहुतेक मुलं थांबतात. म्हणजे त्याच्यासाठी साधारण 158 ते 175. तुमच्याकडचं आलंय की सासरकडचं हा वाद यात बसत नाही, दोघांचंही निम्मं-निम्मं येतं.

दुसरं म्हणजे वाढीचा तक्ता. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा तक्ता वापरतात. पाच ते अठरासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2015 चा आहे. तो भारतातल्याच मुलांच्या मापांवर बेतलेला आहे आणि त्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मोजणार असाल तर तक्ता कुठला आहे ते बघा, परदेशी तक्त्यावर आपली बरीच धडधाकट मुलं उगाच तळाला दिसतात. तक्त्यावर 3 पासून 97 पर्यंत सात रेषा असतात. 10 आकड्याच्या रेषेवरचं मूल म्हणजे शंभर निरोगी मुलांत दहा जण त्याच्यापेक्षा बुटके आणि नव्वद उंच. त्या रेषेवर असण्यात आजार नाही. मूल वर्षानुवर्षं ज्या रेषेच्या आसपास चालत आलं ती सोडून खाली घसरायला लागलं, की मी खुर्चीत सरसावून बसते. वर्षाला चारपेक्षा कमी वाढ, वजन वाढतंय पण उंची थांबलीय, सतत बद्धकोष्ठता आणि सुस्ती, वारंवार जुलाब, डोकेदुखीबरोबर नजर अधू होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. थायरॉइड, रक्तक्षय, आतड्याचे आजार, मूत्रपिंडाचे आजार हे सगळे आधी उंचीतच दिसू शकतात. आणि बुटकेपणा मुलीत असेल तर टर्नर सिंड्रोमची, म्हणजे मुलींमधल्या एका जन्मजात गुणसूत्रदोषाची, तपासणी आम्ही वेगळी करून घेतो, कारण बाहेरून दुसरं काही दिसेलच असं नाही.

एक प्रश्न यजमानांना विचारा: ते स्वतः कधी वाढले? बाप उशिरा वाढलेला असेल तर मुलगाही उशिरा वाढतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता उंचीच्या तक्रारीवर तो माझा ठरलेला प्रश्न आहे. अशा मुलांच्या डाव्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय जन्मतारखेपेक्षा दोनेक वर्षं मागे दिसतं. म्हणजे तेवढी वाढ शिल्लक आहे. मुलगा वयात यायला लागलाय का, हे डॉक्टर तपासतील. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे अंडकोष मोठे होणं, मिसरूड बरंच नंतर येतं. 14 पूर्ण होईपर्यंत ही खूण दिसली नाही, तर पुढच्या तपासण्या करायच्या.

पावडरीचा डबा परत द्या. तिच्यात दूध पावडर, साखर, थोडी जीवनसत्त्वं यापलीकडे फारसं काही नसतं. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. बारला लोंबकळणं चांगलं आहे, खांदे आणि पकड मजबूत होते, पण त्यानं हाड लांब होत नाही. आणि वाढीची इंजेक्शनं कोणी सुचवली तर आधी विचारा की वाढीच्या संप्रेरकाची (हॉर्मोनची) कमतरता कोणत्या तपासणीत दिसली. ज्या मुलात ती खरंच आहे त्याला ती जरूर द्यावीत, हाडांची वाढीची टोकं जुळण्याआधी (ती जुळली की उंची थांबते). नुसत्या बुटक्या आणि निरोगी मुलाला नाही.

दीड हजारात काय होतं बघा. 13 ते 15 वयाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध नको तर नको, एक वाटी घरचं दही, मूठभर तीळ-शेंगदाण्याची चटणी आणि नाचणीची भाकरी किंवा आंबील, यातून बरंच भागतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं. सकाळच्या चहा-बटरच्या जागी एक अंडं किंवा मटकीची उसळ. अंडं चालत नसेल तर पिठलं, भिजवलेले हरभरे. चहा जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि झोप! तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठवीतला क्लासला जाणारा मुलगा म्हटल्यावर विचारते, किती तास झोपतो? त्याला आठ ते दहा तास हवेत. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत सगळ्यात जास्त स्रवतं.

आता मला तुमच्या धाकटीबद्दल विचारायचंय. साडेआठ वर्षांची, 134 सेंटिमीटर, चार-पाच महिन्यांत परकर तोकडा. तिच्या छातीत बदल दिसतोय का? दिसत असेल तर केव्हापासून? इथे लिहायचं नसेल तर लिहू नका, पण बघून घ्या.

शिंदे_गुरुजी

डॉक्टर, आणखी एक विनंती सगळ्या पालकांना. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, वर्षातून दोनदा जंताची. पोरं निळी गोळी मळमळते म्हणून खिशात टाकतात. उपाशीपोटी न घेता जेवल्यावर घेतली तर त्रास होत नाही. घरी येऊन मुलांना विचारा, गोळी खरंच गिळली का.

सायली_तासगाव

तुम्हा सगळ्यांचे आभार. आज सकाळी गुरुजींनी सांगितलं तसं पोलादी टेपनं दोनदा मोजलं. 140.2 भरली. म्हणजे दोन वर्षांत 10. जीव भांड्यात पडला.

यांना विचारलं. म्हणाले, दहावीच्या निरोपाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलोय. आयटीआयला गेल्यावर एका वर्षात खाकी पँट दोनदा खाली सोडून घ्यावी लागली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे मला कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो फोटो शोधून पोराला दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला आणि विचारलं, “बाबा, तुम्हाला काय म्हणायचे?” दोघं गच्चीवर जाऊन बसले होते.

झोप साडेअकरा ते साडेपाच होते. मोबाइल आजपासून दहाला माझ्याकडे.

धाकटीचं वाचून हात कापले. हो, बदल आहे. दिवाळीत अभ्यंगस्नानाला उटणं लावताना “आई, इथं दुखतंय” म्हणाली होती. डाव्या बाजूला बोराएवढी गाठ लागली. सासूबाई म्हणाल्या, अंगानं चांगली आहे, होतं असं, हळद लाव. तेव्हा तिला आठही पूर्ण नव्हती, वाढदिवस जानेवारीत असतो. आता दोन्हीकडे आहे. दूध आणि चिकन जास्त झाल्यामुळे होतं म्हणून घरात तिचं दूध बंद केलंय. हे काळजीचं आहे का? ती तर वर्गात सगळ्यात उंच आहे.

बालरोग_बार्शी

ताई, गाठ म्हटलं की मनात भलतंच येतं, ते आधी काढून टाका. स्तनाग्राखाली अशी दुखरी घट्ट चकती लागणं ही मुली वयात यायला लागल्याची नेहमीची पहिली खूण आहे, आणि ती बरेचदा एका बाजूला आधी येते. हळद लावू नका, चोळू नका, सुई तर अजिबात टोचू देऊ नका. दूधही पुन्हा चालू करा, दुधानं किंवा चिकननं हे होत नाही.

पण वय महत्त्वाचं आहे. मुलींमध्ये ही खूण 8 ते 13 या वयात दिसावी, मुलांमध्ये 9 ते 14. आठच्या आत दिसली आणि सोबत उंचीचा वेगही वाढला, तर तपासायचं असतं. म्हणून स्पष्ट सांगते: तुमच्या दोन मुलांपैकी आधी मुलीला घेऊन जा. मुलगा महिनाभर थांबू शकतो.

ती आज उंच आहे कारण तिची उसळी लवकर सुरू झाली असावी. पण ज्या संप्रेरकामुळे हाडं भराभर वाढतात, तेच हाडांची वाढीची टोकं लवकर जुळवूनही टाकतं. अशा काही मुली चौथीत सगळ्यांत उंच असतात आणि मोठेपणी घरात सगळ्यांत बुटक्या राहतात. मोठेपणच्या उंचीचा प्रश्न एकीकडे, दुसरीकडे पाळीचा. छातीत बदल सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, आणि या मुलींमध्ये ते अंतर कधी कधी आणखी कमी असतं. दहाव्या वर्षाच्या आत ते सगळं सांभाळणं लहान पोरीला जड जातं.

डॉक्टर काय करतील? उंची-वजन तक्त्यावर मांडतील, शरीर तपासतील, हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. गरज वाटली तर सकाळच्या रक्तात एलएच (वयात येणं सुरू करणारं मेंदूकडचं संप्रेरक) आणि पोटाची सोनोग्राफी, गर्भाशय आणि बीजकोश वाढू लागलेत का बघायला. काही मुलींमध्ये फक्त छातीतला बदल असतो, बाकी सगळं वयाप्रमाणे, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी मोजत राहणं एवढंच करतात. बदल वेगानं पुढे जात असेल तर मेंदूकडून येणारा आदेश तात्पुरता थांबवणारं इंजेक्शन मिळतं, महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं. योग्य वयात ते बंद केलं की वयात येणं पुढे आपोआप सुरू होतं. मुलींमध्ये बहुतेक वेळा मागे कुठलाही आजार सापडत नाही. मुलगा नऊच्या आत वयात यायला लागला तर मात्र कारण शोधावंच लागतं.

हे हल्ली वाढलंय का, असं मला पालक विचारतात. कोविडच्या टाळेबंदीनंतर अशा मुली जास्त येऊ लागल्याचं इटलीतल्या आणि पुण्यातल्या डॉक्टरांनी नोंदवून प्रसिद्ध केलंय. अंगात चरबी वाढली तर वयात येणं लवकर होऊ शकतं हे आधीपासून माहीत आहे. तुमची मुलगी तशी आहे की नाही हे वजनावरून कळेल, ते लिहिलेलं नाहीत.

मीनल_कोथरूड

सायलीताई, माझ्या मुलीचं असंच साडेसातला लक्षात आलं होतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन चालू आहे. दंडाला भूल देणारं मलम तासभर आधी लावून ठेवतो, मग ती रडत नाही. तिला सगळं माहीत आहे. मी तिला सांगितलं की तुझं शरीर मोठं व्हायला थोडं लवकर निघालंय, डॉक्टर त्याला जरा थांबवून ठेवतायत, तू आजारी नाहीस. सगळ्यात जड गेलं ते नातेवाइकांचं “बाई, केवढी घोडी झाली” हे ऐकणं. घरातल्यांना बसवून सांगा की तिच्यासमोर अंगावर, उंचीवर एक शब्द बोलायचा नाही. तिच्या वयाच्या मुलींसारखंच वागवा. उंच दिसते म्हणून लोक तिच्याकडून मोठ्या मुलीच्या शहाणपणाची अपेक्षा करतात, पण ती अजून तिसरीत आहे.

सायली_तासगाव

मीनलताई, तुमचं वाचून रडू आलं, पण बरं वाटलं. धाकटीचं वजन 33 किलो आहे, भावापेक्षा जास्त. मिरजेला मुलांच्या संप्रेरकांचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात असं कळलं, शुक्रवारचा नंबर लागलाय. हे रजा काढणार आहेत. सोबत काय काय नेऊ? सासूबाईही येते म्हणतायत.

बालरोग_बार्शी

येऊ द्या त्यांना, बरं होईल. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात पुन्हा वाद होत नाही. फक्त तपासताना आत तुम्ही एकट्याच राहा आणि तिला आधी विचारून घ्या.

दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं न्या. त्यावर जन्माचं वजन असतं आणि बऱ्याच कार्डांवर वाढीच्या नोंदीही. धाकटीची अंगणवाडीची आणि शाळेची सगळी मापं तारखेसह एका कागदावर उतरवा, शाळेच्या आकड्यापुढे तसं लिहा. दिवाळीत गाठ लागली ती तारीख. तुमची पहिली पाळी कितव्या वर्षी आली ते, आणि सासूबाई येतायतच तर आत्यांचंही विचारून ठेवा. घरात कोणाचं थायरॉइडचं औषध चालू असेल तर तेही सांगा. हळदीशिवाय दुसरं कुठलं मलम, तेल किंवा जडीबुटीचं औषध लावलं-दिलं असेल तर त्याची बाटली घेऊन जा. एक्स-रे आधी काढू नका, तिथेच सांगतील तसा काढा.

मुलाचा नंबर पुढच्या महिन्यात लावा. तोपर्यंत त्याची उंची पुन्हा मोजू नका, तीन महिन्यांच्या आत टेपला फरक कळत नाही.